पिवळ्यातली मिरपूड

२८ मार्च

चि. हवामानखात्यास,
बॉयलरखात्याकडून आशीर्वाद.

तुझी आई जाऊन सहा आठवडे झाले. घरात मी आणि भिंतीवरचं घड्याळ, दोघंच उरलो. त्यातलं एक बोलतं, पण मला ऐकू येत नाही. तीस वर्षं बॉयलरशेजारी काढल्यावर कानांनी आणखी किती दिवस साथ द्यावी? तरी दर रविवारी त्याला किल्ली देतो. त्याच्याशी माझं भांडण नाही.

समोरच्या शिवणवाल्या मावशी डबा पाठवते म्हणत होत्या. मी हातानेच नको म्हटलं. बाई दिवसभर मशीन चालवते, तिच्यावर आणखी माझा भार कशाला? मग मीच स्वयंपाकाला लागलो. मला येतं ते एकच, उकडलेलं अंडं. बॉयलरघरात वाफेच्या नळाखाली पत्र्याचा डबा धरायचो, बारा मिनिटं. एक मिनिट कमी नाही, एक जास्त नाही. घरीही तेच चालू आहे. सकाळी दोन, संध्याकाळी दोन, पावासोबत. आता रस्त्यात कोंबडी दिसली तरी तोंड चुकवून जातो.

तेव्हा तुला विचारतो, आई त्या होड्या कशा करायची? अंडं उभं कापून, पिवळं बाहेर काढून काहीतरी करायची आणि परत पांढऱ्यात भरायची. रोज सकाळी बशीत दोन. तीस वर्षं खाल्ल्या, पण कशा करतात ते बघितलं नाही. सविस्तर लिही. मात्रा, वेळ, सगळं. बॉयलरवाल्याला 'अंदाजे' हा शब्द कळत नाही.

तुझी बोट पहिल्या तारखेला बेटावर लागते, त्या हिशेबाने हे टाकतो आहे.

बाबा

१ एप्रिल

ती. बाबांना वारा मोजणाऱ्या मुलीचा नमस्कार.

बोट तीन तास थांबते, तेवढ्यात लिहिते आहे. बाहेर खोकी उतरवताहेत. त्यातलं एक अंड्यांचं आहे, भुशात पुरलेलं. पंधरा दिवस पुरवायची. मी आल्याबरोबर सगळी पाण्यात सोडते. तळाशी आडवं पडलं तर ताजं, उभं राहिलं तर लवकर संपवायचं, तरंगलं तर समुद्रात. आमचे मोठे साहेब म्हणतात, मी अंड्यांचाही अंदाज वर्तवते.

आता होड्या. अंडी तुमच्याच बारा मिनिटांची. उकडली की लगेच गार पाण्यात, नाहीतर पिवळ्याभोवती हिरवट कडा येते. उभी कापा, ओल्या सुरीने. पिवळं वाटीत काढा, त्यात अंड्यामागे अर्धा चमचा लोणी, चिमूटभर मीठ, आणि मिरपूड. ती मात्र सढळ. आई पाव चमचा घालायची. काट्याने घोटा, गुठळी राहता कामा नये. परत भरा.

ऑम्लेटही करून बघा. प्रत्येक अंडं आधी वेगळ्या वाटीत फोडायचं, मग मोठ्या भांड्यात. आईचा नियम होता, एक खराब निघालं तर बाकीच्यांचा नास नको. कांदा बारीक चिरा, आच मंद ठेवा, कडा सुटेपर्यंत हात लावू नका. तुम्हाला घाई होते, मला माहीत आहे.

आणि बाबा, रक्तदाबाची गोळी? डॉक्टरांनी रोज सकाळी अर्धी सांगितली आहे. घेताय ना?

दुसरं असं, वरची खोली भाड्याने द्या. भाड्याचं महत्त्व नाही. घरात कुणीतरी असावं. दार वाजलं तरी तुम्हाला कळत नाही, मला इथे रात्री झोप लागत नाही.

तुमची
हवामानखातं

१२ एप्रिल

चि. हवामानखात्यास आशीर्वाद.

ऑम्लेटपुढे मी हात टेकले. पहिलं तव्याला चिकटलं, दुसरं उलटताना अर्धं शेगडीमागे गेलं. ते तिथेच आहे, मांजर शोधतं आहे. वेगळ्या वाटीचा नियम पाळला. सहापैकी एक खरंच खराब निघालं, तेव्हा तुझ्या आईला मनातल्या मनात सलाम ठोकला.

होड्या जमल्या, पण तिच्यासारख्या नाहीत. लोणी बरोबर, मीठ बरोबर, मिरपूड पाव चमचा मोजून. तरी काहीतरी कमी आहे. असो.

वरची खोली दिली. गृहस्थ मोठ्या दवाखान्यात कंपाउंडर होते, आता निवृत्त आहेत. नखं स्वच्छ, कपडे इस्त्रीचे, बोलणं बेताचं. माझ्याशी बोलायला त्यांनी बाजारातून पाटी आणली. पाटीवर लिहितात, मी वाचतो, ते पुसतात. झकास अक्षर. इतके दिवस लोक माझ्या कानात ओरडायचे, हा पहिला माणूस ज्याने डोकं वापरलं. माझं शेगडीमागचं ऑम्लेट बघून हसले आणि पाटीवर लिहिलं, 'उद्यापासून सकाळचं माझ्याकडे.' मी नको म्हटलं. त्यांनी तेच वाक्य पुन्हा गिरवलं.

गोळीचं विचारलंस. बाटली समोरच्या फळीवर आहे. मी तिच्याकडे बघतो, ती माझ्याकडे बघते. आमचं त्यापुढे जात नाही. गोळी हा प्रकार माझ्या घशाखाली उतरत नाही, लहानपणापासून नाही. उगाच चिडू नकोस.

बाबा

१६ एप्रिल

कंपाउंडर साहेबांस सादर नमस्कार.

आपली ओळख नाही, पण बाबांच्या पत्रातून आपली माहिती कळली आणि किती बरं वाटलं ते शब्दांत सांगता येणार नाही. त्यांच्याशी पाटीवर बोलायचं आम्हाला घरच्यांनाही कधी सुचलं नाही.

एक गोष्ट आपल्याला सांगायची आहे. ती आजवर आई आणि मी, दोघींपलीकडे कुणाला माहीत नाही. बाबा गोळी घेत नाहीत. हट्टच आहे तो. आईने कित्येक वर्षांपूर्वी त्यावर तोड काढली. अर्धी गोळी चमच्याने चुरडून ती अंड्याच्या पिवळ्यात घोटायची आणि वरून मिरपूड जास्त घालायची, म्हणजे कडवटपणा लागत नाही. रोज सकाळी बशीत दोन होड्या. एकीत गोळी, एक साधी. बाबांना पत्ता लागला नाही. ते आवडीने खात राहिले आणि दाब कधी वर गेला नाही.

आता आई नाही. मी कुठल्या बेटावर अडकलेली. आपण औषधांतले जाणकार आहात. सकाळचं खाणं आपण करणारच आहात, तर एवढं कराल का? फक्त अर्धी, फक्त सकाळी. आणि त्यांना कळू देऊ नका, त्यांना फसवल्यासारखं वाटेल.

उपकार विसरणार नाही.

आपली नम्र,
खालच्यांची मुलगी

२७ एप्रिल

ताईंस सप्रेम नमस्कार.

आपलं पत्र पोचलं. इतका विश्वास एका परक्या माणसावर टाकलात, मी भरून पावलो. आपण निश्चिंत असावं.

होड्या सुरू केल्या आहेत. पहिल्याच दिवशी बाबांनी घास तोंडात घेतला, थांबले, माझ्याकडे पाहिलं आणि मग दोन्ही संपवल्या. डोळ्यांत पाणी होतं. मिरपुडीमुळे असेल. तेव्हापासून त्यांचा माझ्यावर फार लोभ जडला आहे. पूर्वी पाटीवर मी चार ओळी लिहिल्या तर ते एक शब्द बोलायचे. आता काहीही सुचवलं तरी मान डोलावतात.

दोन बारीकसारीक गोष्टी. पत्रपेटीचं झाकण मोडलं आहे, पत्रं भिजतात. यापुढे बाबांची पत्रंही माझ्या नावाने पाठवावीत, मी हातात देईन. त्यांची पत्रंही मीच टाकत जाईन, टपालपेटीपर्यंतचा चढ त्यांना झेपत नाही. दुसरं, त्यांचं वय बघता घराचे कागद कुठे असतात ते मला ठाऊक असलेलं बरं. आजारपण सांगून येत नाही.

मिरपूड अर्धा चमचा केली आहे. बाबांना ती चालते.

आपला,
वरच्या खोलीतला

२८ एप्रिल

चि. हवामानखात्यास आशीर्वाद.

आता जेवणाचं काही विचारू नकोस, माझी चैन आहे. सकाळी होड्या, आणि या वेळी अगदी तुझ्या आईच्या हातच्या. काय कमी होतं ते सापडलं. कसं सापडलं ते तुला विचारत नाही. तूही सांगू नकोस. फक्त एवढंच, की पहिला घास खाल्ला तेव्हा मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

संध्याकाळीही ते काही ना काही अंड्याचं करतात. एकदा टोमॅटोच्या रश्श्यात फोडून झाकण ठेवलं, एकदा दुधात फेटून साखर घालून वाफवलं. तू तिकडे करून बघ. दुधातलं गार करून खायचं, चमच्याने थरथरलं पाहिजे.

झोप चांगली लागते. इतकी, की मलाच नवल वाटतं. बॉयलरवाला चारला उठतो, नोकरी सुटून अकरा वर्षं झाली तरी मी चारलाच उठत होतो. आता दुपार होते. परवा घड्याळ बंद दिसलं. रविवारी किल्ली द्यायची राहिली. मग आठवायला गेलो तर रविवारच आठवेना. माझ्या वहीत रोजची नोंद असते, काय खाल्लं, किती वाजता. त्यात दोन दिवस नुसतेच नाहीत. पान फाटलेलं नाही, मीच लिहिलेलं नाही.

म्हातारपण म्हणतात ते हेच असावं. ते इतक्या सहज येतं, हे मला माहीत नव्हतं.

अक्षर वाकडं आलं आहे, सांभाळून घे.

बाबा

१ मे

ती. बाबांना नमस्कार.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. झोप लागते हे वाचून इतकं हायसं वाटलं की जेटीवरच खोक्यावर बसून घेतलं. आई गेल्यापासून तुम्ही झोपत नव्हता, तुम्ही लिहिलं नाहीत तरी मला कळत होतं. इतक्या महिन्यांची राहिलेली झोप अंगावर येते आहे, दुसरं काही नाही. घड्याळ दोन दिवस बंद राहिलं तर राहू दे.

दुधातलं अंडं मी केलं. साहेब तापाने पडले आहेत, त्यांना दिलं. त्यांनी आजारपणातही दुसरी वाटी मागितली. कंपाउंडर साहेबांना सांगा, बेटावर त्यांचं नाव झालं.

एकच विचारायचं होतं. वहीतले दोन दिवस, त्या दिवशी ताप वगैरे होता का? आणि नोंद चालू ठेवा. आमच्याकडे एक नोंद चुकली तरी पुढचा सगळा आलेख लंगडा होतो.

घराचे कागद आईच्या कपाटात खालच्या कप्प्यात आहेत असं त्यांना सांगा, त्यांनी विचारलं होतं. आजारपणात धावपळ नको.

तुमची
हवामानखातं

१३ मे

ताईंस सप्रेम नमस्कार.

बाबा थोडे थकले आहेत. लिहायचा त्यांना कंटाळा येतो, म्हणून मीच कळवतो. काळजीचं कारण नाही.

त्यांनी एक निर्णय घेतला आहे आणि तो शहाणपणाचा आहे असं मला वाटतं. एवढं घर एकट्या माणसाला सांभाळत नाही. त्याची सगळी व्यवस्था माझ्याकडे द्यायची त्यांची इच्छा आहे. मी नको म्हणत होतो. पण ते म्हणाले, 'तुम्ही माझ्या मुलीच्या विश्वासातले, आता घरचेच.' हे शब्द त्यांचे आहेत. एका कागदावर सही झाली, दुसऱ्यावर महिनाअखेर होईल.

आपण इतक्यात येण्याचं मनात आणू नये. एकदम भेटीने दाब वाढतो. आता होड्या सकाळ-संध्याकाळ देतो. दोन्हींत.

मिरपूड संपत आली आहे. तिकडे मिळत असेल तर बोटीने पाठवावी.

आपला,
वरच्या खोलीतला

१६ मे

शिवणवाल्या मावशी,

मी समोरच्यांची मुलगी. लहानपणी तुमच्या मशीनखाली बसून चिंध्या गोळा करायची ती. हे पत्र तुमच्या पत्त्यावर टाकते आहे, कारण घरी टाकलेलं बाबांपर्यंत पोचेल असं आता मला वाटत नाही.

मावशी, माझ्या हातून मोठी चूक झाली. बाबांना अंड्यातून गोळी द्यायची आईची युक्ती मी त्या कंपाउंडरला लिहून कळवली. फक्त अर्धी, फक्त सकाळी, असं बजावलं होतं. आता तो सकाळ-संध्याकाळ देतो म्हणतो, दोन्ही होड्यांत देतो म्हणतो. त्या गोळीने इतकी झोप येत नाही, दिवस विसरायला होत नाहीत. तो दुसरं काहीतरी घालतो आहे. त्याच्याकडे पूर्वीच्या दवाखान्यातलं काय काय असेल कोण जाणे. आणि घर लिहून घेतो आहे. बाबांनी झोपेबद्दल, वहीबद्दल मला कळवलं होतं. मी ते वाचून खूश झाले. कागद कुठे आहेत तेही मीच सांगितलं.

बोट बाहेर उभी आहे. माझी पेटी भरलेली आहे. पण साहेब तापाने बेशुद्ध आहेत आणि दर तीन तासांचे आकडे पाठवायला माझ्याशिवाय कुणी नाही. समुद्रात दोनशेच्या वर होड्या आहेत, त्या आमच्या आकड्यांवर परततात. कालपासून हवेचा दाब घसरतो आहे. मी गेले आणि काही झालं तर? वायरलेसवर खाजगी निरोप चालत नाही, तरी मी दोनदा पाठवून पाहिला, उत्तर नाही. बदली माणूस एक जूनच्या बोटीने येईल. त्याच बोटीने मी परत निघेन.

तोवर एवढं करा. सोबत बाबांसाठी चिठ्ठी आहे. ती त्यांच्याच हातात द्या. आणि त्यांना रोज उकडलेली अंडी द्या, कवचासकट. सोललेलं नको, कापलेलं नको. बाबांनी स्वतःच्या हाताने सोलून खायचं. कवचाच्या आत कुणाला काही घालता येत नाही.

तुमच्या पाया पडते.

(सोबतची चिठ्ठी)

बाबा, होड्या खाऊ नका. कुठल्याच खाऊ नका. कंपाउंडरला गोळीचं मी सांगितलं होतं, पण घराचं मी काहीही म्हटलेलं नाही. सह्या करू नका. तो माझा माणूस नाही. मी येते आहे. तोपर्यंत फक्त मावशी देतील ते, कवचातलं, तुमच्या बारा मिनिटांचं. मी तुम्हाला फसवलं, त्याबद्दल आल्यावर काय बोलायचं ते बोला. पण खाऊ नका.

२९ मे

मुली,

तुझं पत्र मिळालं त्या दिवसापासून हातातली शिवण टाकून त्या घरावर लक्ष ठेवून आहे. माझं अक्षर वाईट आहे, पण जे झालं ते सगळं लिहिते.

पहिल्या दिवशी चार अंडी उकडून पातेलीत घेऊन गेले. दार त्यानेच उघडलं. गोड हसला, पातेली माझ्या हातातून घेतली, म्हणाला, 'मावशी, कशाला त्रास घेतला, देतो त्यांना.' आत येऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या डब्यात चारही अंडी तशीच, एकाचंही कवच फुटलेलं नव्हतं. त्यानंतर पाच वेळा गेले. पाचही वेळा तेच. तुझी चिठ्ठी मी त्याच्या हातात दिली नाही. कापडाच्या घडीत ठेवली होती.

चौकीवरही गेले. ते म्हणाले, घरमालकाची तक्रार आहे का? नाही ना? मग म्हातारा अंडी खातो ही काय तक्रार झाली?

काल दुपारी तो कागद लिहून देणाऱ्या माणसाला आणायला बाहेर पडला. बाहेरून कुलूप लावून गेला. मी धावत खिडकीशी गेले. तुझे बाबा खुर्चीत बसले होते. चेहरा सुजलेला, पण मला बघून उठले, गजांना धरत धरत आले. मी चिठ्ठी हातात दिली. त्यांनी डोळ्यांजवळ धरली, लांब धरली, मग म्हणाले, 'चष्मा चार दिवस सापडत नाही हो. सापडला की वाचतो.' आणि खिशात घातली.

मी ओरडले. सगळी गल्ली बाहेर आली एवढी ओरडले. अंडं खाऊ नका, अंडं खाऊ नका. त्यांना माझे ओठ हलताना दिसत होते. त्यांना 'अंडं' तेवढं कळलं बहुतेक. हसले. दोन बोटं वर केली. दोन खाल्ली म्हणून सांगत होते.

मग त्यांनी उशीखालून हे पाकीट काढून दिलं. म्हणाले, 'त्यांच्याकडे नको, तुम्हीच टाका. बापलेकीतलं आहे.'

दार तोडायला मी लोहाराला बोलावलं. तो म्हणाला, उद्या सकाळी. उद्या सकाळी मी त्याला हाताला धरून नेते. तू लवकर ये.

मावशी

२८ मे

चि. हवामानखात्यास,
तुझ्या बाबांचे खूप खूप आशीर्वाद.

चष्मा नाही, म्हणून अक्षर मोठं काढतो आहे. ओळीवर ओळ चढली असेल तर वेगळी करून वाच. या बोटीला तुझं पत्र नव्हतं असं पाटीवर कळलं. काम असेल. मी रागावलेलो नाही.

आज डोकं जरा मोकळं आहे, म्हणून एक गोष्ट सांगून टाकतो. पुन्हा कधी इतकं मोकळं असेल कुणास ठाऊक.

तुम्हा मायलेकींना वाटायचं, मला कळत नाही. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. अगं, अंड्याच्या पिवळ्यात एवढी मिरपूड कोण घालतं? मी तीस वर्षं बॉयलरच्या पाण्यात रोज मोजून औषध घातलं. आतून पापुद्रा धरू नये, बॉयलर फुटू नये म्हणून. बॉयलरने कधी तोंड वाकडं केलं नाही. मीही केलं नाही. गोळी हातात दिली असती तर फेकली असती. पण ती बाई पहाटे उठून चमच्याने चुरडत बसायची, आणि मी पलंगावर डोळे मिटून पडायचो, तिला कळू नये म्हणून. इतकी वर्षं आम्ही दोघांनी एकमेकांना फसवलं आणि दोघंही खूश होतो.

म्हणून तर तुला होड्यांची कृती विचारली. बघायचं होतं, पोर गोळी लिहिते का. तू मिरपूड लिहिलीस, गोळी लिहिली नाहीस. मी एकटाच खूप हसलो.

मग या गृहस्थांच्या हातची पहिली होडी खाल्ली आणि ती चव आली. मी ओळखली. हे फक्त तुला माहीत होतं. म्हणजे तू सांगितलंस. म्हणजे या माणसावर तुझा आईइतका विश्वास आहे. मग मी कशाला शंका घ्यायची? त्यांनी पाटीवर लिहिलं, 'घर सांभाळायला द्या, मुलीचीही हीच इच्छा आहे.' मी सही केली. उद्या दुसरी करायची आहे. तुला घराची कटकट नको असेल, हे मला कळायला हवं होतं. तू तोंडाने बोलली नसतीस.

एकच म्हणतो, माझी नाराजी नाही, नुसतं कानावर घालतो. हल्ली कडवटपणा फार वाढला आहे. मिरपुडीने झाकला जात नाही. जीभ बधिर होते, हातपाय थंड पडतात. दुसरी होडी तुझी आई साधी ठेवायची, माझ्या तोंडाची चव परत यावी म्हणून. यांना ते कुणी सांगितलं नसेल. पुढच्या पत्रात त्यांना तेवढं लिही.

आज सकाळी दोन्ही खाल्ल्या. दुसरी निम्म्यावर आल्यावर वाटलं, राहू द्यावी. मग तुझी आठवण झाली. तिकडून एवढ्या लांबून तू सांगून ठेवलंस, त्यांनी पहाटे उठून केलं. बशीत टाकायचं तरी कसं?

सगळं संपवलं.

बाबा